जोंधळा, उंदीर आणि पोटरीचा घेर

बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून अथणीपर्यंत किंवा खानापूरपासून गोकाकपर्यंत, कुठल्याही गावात सकाळच्या उन्हाला कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठताना नीट पाहावीत. आधी एक हात गुडघ्यावर जातो, दुसरा खांब शोधतो. धड पुढं झुकतं, बूड जेमतेम वर उचललं जातं आणि अर्ध्यावर शरीर क्षणभर अडतं. मग खांबाला ओढ देऊन माणूस उभा राहतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "गुडघं गेल्यात." गुडघे झिजलेले असतातच. पण त्या अर्ध्यावरच्या अडण्यात पुष्कळदा गुडघ्याइतकाच मांडीच्या स्नायूचा वाटा असतो. त्याची तक्रार कुणी करत नाही, कारण तो दुखत नाही. तो नुसता कमी होत जातो.

वजनकाट्यालाही हे दिसत नाही. साठ किलोचा माणूस पंधरा वर्षांनी साठच किलोचा राहतो, फक्त आतलं मांस उतरलेलं असतं आणि तेवढी चरबी चढलेली असते. या उतरणीला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं, म्हणजे ग्रीक भाषेत मांसाची उणीव. आपल्याकडं 'अंगातलं मांस गेलं' असं म्हणतात, आणि ते नाव मला जास्त नेमकं वाटतं.

चरबी आणि मांस हे दोन्ही हिशेब एकाच रेणूनं सुधारतील, अशी आशा सध्या एका प्रायोगिक संयुगाभोवती आहे. त्याचं पूर्ण नाव ५-अमिनो-१-मेथिलक्विनोलिनियम, बोलण्यात ५-अमिनो-१-एमक्यू. इंटरनेटवर ते कॅप्सूलमध्ये विकलं जातं, बहुतेक वेळा 'पेप्टाइड' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या शेजारी. पहिली चूक तिथंच होते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि या रेणूत एकही अमिनो आम्ल नाही. क्विनोलिनचं जोडकडं, त्याच्या पाचव्या जागी एक अमिनो गट, नायट्रोजनवर एक मेथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन), आणि त्या मेथिलमुळं कायमचा चिकटलेला एक धनभार. दहा कार्बन, अकरा हायड्रोजन, दोन नायट्रोजन. एवढासाच जीव आहे त्याचा.

हा रेणू ज्या एन्झाइमला अडवतो, त्याची ओळख करून घ्यायची तर जोंधळ्यापासून सुरुवात करावी लागते.

बेळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्यावर जगला. ऊस आला, पाणी आलं, गहू-तांदूळ आला, तरी भाकरी हटली नाही. जोंधळ्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, शंभर ग्रॅमला जेमतेम दोन मिलिग्रॅम. फक्त जोंधळ्यावर राहणाऱ्या गरीब माणसाला दख्खनच्या पठारावर पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा, जुलाब, आणि पुढं भ्रम. नायसिननं हा रोग बरा होतो हे १९३७ नंतर कळलं, पण जोंधळा खाणाऱ्यांनाच तो का होतो हा प्रश्न उरला. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतून (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी बोट ठेवलं ते ल्युसिनवर. जोंधळ्याच्या प्रथिनात हे अमिनो आम्ल वाजवीपेक्षा जास्त असतं आणि त्यानं नायसिनचा कारभार बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्यावर वाद झाले. ब-६ जीवनसत्त्वाचाही त्यात हात असल्याचं पुढं आलं. ल्युसिनची गाठ नंतर पुन्हा पडणारच आहे.

पेलाग्राच्या त्या काळात माणसाच्या अंगात नायसिन पुरेसं आहे की नाही हे तपासायची एक पद्धत होती लघवीची. लघवीत १-मेथिलनिकोटिनामाइड नावाचा पदार्थ मोजायचा. तो भरपूर असेल तर जीवनसत्त्व पोटभर मिळतंय, घसरला तर तुटवडा. शरीर जादा निकोटिनामाइडला, म्हणजे नायसिनच्याच एका रूपाला, एक मेथिल गट चिकटवतं आणि मूत्रपिंडाकडं रवाना करतं. हे चिकटवण्याचं काम जो एन्झाइम करतो, तोच एनएनएमटी, निकोटिनामाइड एन-मिथाइलट्रान्सफरेज. रॅट या मोठ्या उंदराच्या यकृतातल्या या क्रियेचं वर्णन ज्युलिओ कँटोनी यांनी १९५१ मध्ये केलं होतं. माणसातल्या एनएनएमटीचं जनुक हाती आलं १९९४ मध्ये. म्हणजे पन्नास-साठ वर्षं हा एन्झाइम कचरा बाहेर टाकणारा गडी समजला गेला, आणि त्यानं टाकलेला कचरा मोजून डॉक्टर पेलाग्रा ओळखत राहिले.

त्याच्याकडं पाहायची नजर बदलली ती २०१४ मध्ये. बोस्टनच्या बार्बरा कान यांच्या गटानं नेचर नियतकालिकात दाखवलं की लठ्ठ आणि मधुमेही उंदरांच्या चरबीत हा एन्झाइम वाढलेला असतो, आणि जनुकाच्या पातळीवर त्याला दाबलं तर चरबीयुक्त खाद्य देऊनही उंदीर तितके लठ्ठ होत नाहीत. कारण या एका कामात दोन किमती वस्तू खर्ची पडतात. एक निकोटिनामाइड, जे मेथिल न चिकटता राहिलं तर पुन्हा वळवून एनएडी बनवता येतं, आणि एनएडीशिवाय पेशीचं ऊर्जेचं चक्र चालत नाही. दुसरी वस्तू खुद्द मेथिल गट. तो येतो एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिनकडून, ज्याला सगळे 'सॅम' म्हणतात. चरबीच्या पेशीत एनएनएमटी फार झाला की सॅम आणि एनएडी दोन्हींची उधळपट्टी होते. तो दाबला की सॅम साठतो, त्यातून पॉलिअमाइन नावाच्या रेणूंची घडण आणि मोडतोड जोरात सुरू होते, आणि पेशी जास्त ऊर्जा जाळते.

जनुक दाबणं हा प्रयोगशाळेतला खटाटोप. गोळी बनवायची तर छोटा रेणू हवा, जो निकोटिनामाइडच्या जागी जाऊन बसेल आणि हलणार नाही. टेक्सास विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन इथल्या वैद्यकीय शाखेत स्टॅनली वाटोविच यांच्या गटानं क्विनोलिनियमची माळ तपासून हा रेणू निवडला. चुलतभावंडासारख्या इतर एन्झाइमांना तो धक्का लावत नाही आणि धनभार असूनही पेशीत शिरतो, ही त्याची जमेची बाजू. २०१८ मध्ये त्यांनी चरबीयुक्त खाद्यानं लठ्ठ केलेल्या उंदरांना तो कातडीखाली टोचला, किलोमागं २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, अकरा दिवस. वजन सुमारे ५ टक्के उतरलं, पांढऱ्या चरबीचा गोळा सुमारे ३५ टक्क्यांनी लहान झाला, चरबीच्या पेशींचा आकार ३० टक्क्यांहून जास्त घटला, रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉलही सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. आणि उंदरांचं खाणं कमी झालं नव्हतं. भूक न मारता चरबी उतरली, इथंच जगाचे कान टवकारले.

हे आकडे खरे आहेत, आणि त्यांच्यावरून जाहिराती होतात म्हणून त्यांचा अपमान करायचं कारण नाही. पण ते कशाचे आकडे आहेत हे धरून ठेवायला हवं: अकरा दिवसांचे, उंदराचे, सुईनं दिलेल्या औषधाचे. उंदराची मात्रा माणसासाठी काढताना किलोला किलो गुणत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मार्गदर्शिकेप्रमाणं उंदराच्या मात्रेला १२.३ नं भागतात. दिवसाचे ६० मिलिग्रॅम भागिले १२.३, म्हणजे किलोमागं जवळजवळ ४.९. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे २९० मिलिग्रॅम. हा आकडा कुणी घ्यायची मात्रा नव्हे. माणसावरच्या पहिल्या चाचणीची आखणी करताना असा हिशेब मांडतात, आणि मग सुरक्षिततेसाठी त्याच्याही पुष्कळ खाली, निदान दहाव्या हिश्शापासून सुरुवात करतात. आता बाजारातली ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल याच्याशेजारी ठेवून पाहा. ती तोंडानं घ्यायची, म्हणजे आतड्यातून आणि यकृतातून जाणार. प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये तोंडानं दिलेल्या मात्रेपैकी सुमारे ३८ टक्केच रक्तापर्यंत पोचली होती. उंदराच्या निकालाचा दाखला देऊन कॅप्सूल विकणारा या तिन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडतो.

त्याहून मोठी गोम क्षाराची आहे, आणि ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते. धनभार असलेला रेणू बाटलीत एकटा राहू शकत नाही, त्याला जोडीला ऋणभाराचा सोबती लागतो. तो क्लोराइड असतो किंवा आयोडाइड. कामाच्या रेणूचं वजन १५९. क्लोराइड जोडला की १९५ च्या आसपास, आयोडाइड जोडला की २८६. म्हणजे क्लोराइड क्षाराच्या ५० मिलिग्रॅममध्ये कामाचा रेणू जवळजवळ ४१ मिलिग्रॅम, आणि आयोडाइडच्या ५० मिलिग्रॅममध्ये फक्त २८. उरलेले २२ मिलिग्रॅम निव्वळ आयोडीन. मोठ्या माणसाची दिवसाची आयोडीनची गरज १५० मायक्रोग्रॅम. हे तिच्या दीडशे पट झालं. आपल्या मिठात घरी पोचताना किलोमागं निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे त्या एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ दीड किलो मिठाचं आयोडीन. थायरॉइड आधीच कुरकुरत असेल, तर इतक्या आयोडीननं ती मंदावूही शकते किंवा बेफाम सुटूही शकते. मंदावली तर वजन वाढतं, सुटली तर वजन उतरतं आणि छाती धडधडते. अशा माणसाचं वजन उतरलं तर ते एन्झाइम दबल्यामुळं की थायरॉइड पेटल्यामुळं, हे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी न करता कळायला मार्ग नाही. डब्यावर नुसतं '५० मिलिग्रॅम' लिहिलंय आणि क्षाराचं नाव नाही, तर त्या डब्यानं काहीच सांगितलेलं नाही.

आयोडाइड येतं कुठून? हा रेणू बनवताना ५-अमिनोक्विनोलिनला मेथिल गट बहुधा मेथिल आयोडाइडनं जोडतात. मेथिल आयोडाइड हे डीएनएलाही मेथिल चिकटवणारं रसायन. ते मालात शिल्लक राहिलं आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. शुद्धता ९८ टक्के हा कागदावरचा आकडा एकटा पुरेसा नाही. क्षार कोणता, पाणी किती, राहिलेलं द्रावक किती, मेथिल आयोडाइड दशलक्षात किती भाग, हे त्या खेपेच्या क्रमांकासह लिहिलेलं असावं लागतं. 'फक्त संशोधनासाठी' असा शिक्का असलेल्या मालाला माणसाच्या औषधाचे हे नियम लागूच होत नाहीत. तो शिक्का मारलेला असतो तो त्याचसाठी.

आजच्या घडीला हे संयुग कुठल्याही देशाच्या औषध नियंत्रकानं माणसाच्या उपचारासाठी मंजूर केलेलं नाही. आपल्याकडंही नाही. यातून आपल्या भागापुरती एक गोष्ट निघते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इथं तालमी आहेत, मातीतून मॅटवर गेलेली पोरं आहेत, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या मुली आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी यादीत 'एस-शून्य' नावाचा एक वर्ग आहे. कुठल्याही शासनानं उपचारासाठी मंजूर न केलेलं औषधी द्रव्य, इतर वर्गांत त्याचं नाव नसलं तरी, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध. म्हणजे यादीत हे लांबलचक नाव सापडलं नाही म्हणून चालतं, असं समजणारा पैलवान फसला. वजनगट गाठण्यासाठी कुणी हे हातात ठेवलं तर वस्तादांनी ते तिथंच थांबवावं.

आता स्नायूकडं वळतो, कारण माझ्या मते या रेणूची खरी गोष्ट चरबीत नाही, स्नायूत आहे.

स्नायूच्या तंतूंना चिकटून काही मूळ पेशी झोपलेल्या असतात. जखम झाली, ताण पडला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेल्या तंतूंत मिसळून जातात. म्हातारपणी त्या असतात, पण हाक दिली तरी उठत नाहीत. म्हाताऱ्या स्नायूत एनएनएमटी वाढलेला आढळतो. गॅल्व्हेस्टनच्या त्याच गटानं २०१९ मध्ये २४ महिन्यांचे उंदीर घेतले. हे वय माणसाच्या सत्तरीच्या आसपासचं. नडगीच्या पुढच्या स्नायूत बेरियम क्लोराइड टोचून मुद्दाम इजा केली आणि एनएनएमटी अडवणारा रेणू आठवडाभर दिला. मूळ पेशींची संख्या आणि हालचाल वाढली, तंतूंची जाडी जवळजवळ दुप्पट झाली, आणि स्नायूचा जोर न दिलेल्या उंदरांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त भरला. म्हातारा स्नायू दुरुस्त होऊ शकतो, त्याची दुरुस्ती कुठंतरी अडवून धरलेली असते, हे यातून डोळ्यांना दिसलं.

२०२४ चा प्रयोग मला त्याहून जास्त बोलका वाटतो. म्हातारे उंदीर, चार गट. बसून राहिलेल्या पण रेणू दिलेल्या उंदरांची पकड, काहीच न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी सुधारली. नुसता व्यायाम केलेल्यांची २० टक्क्यांनी. आणि व्यायाम अधिक रेणू, दोन्ही मिळालेल्यांची ६० टक्क्यांनी. जाहिरातवाले यातला चाळीसचा आकडा उचलतात. मला साठचा आकडा मोलाचा वाटतो, कारण तो सांगतो की औषध कधी आलंच तर ते व्यायामाच्या जागी बसणार नाही, त्याच्या डोक्यावर बसेल.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणं मांडायला हवी. एनएनएमटी चरबीत जसा वागतो तसा यकृतात वागत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात यकृतातला एनएनएमटी आणि त्यानं बनवलेलं १-मेथिलनिकोटिनामाइड हे सर्ट-१ या हितकारक प्रथिनाला टिकवून धरताना दिसले, त्यानं साखर आणि चरबीचा कारभार सुधारत होता. जंतांवरच्या प्रयोगात याच पदार्थानं आयुष्य वाढलं. रक्ताच्या गुठळ्या रोखण्याचा गुणही त्यात आढळला आहे. आपण ज्याला कचरा समजत होतो तो निरोप्याही आहे. चरबीच्या पेशीत तो एन्झाइम बंद करावा आणि यकृतात चालू ठेवावा असं कॅप्सूलला सांगता येत नाही. गिळलेली गोळी आधी यकृतातच जाते.

माणसात सिद्ध झालेलं औषध कसं दिसतं, हे कळायला सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनकडं पाहावं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९६१ माणसं होती, ६८ आठवडे, अर्ध्यांना नाही पण बऱ्याच जणांना खोटं इंजेक्शन, आणि शेवटी १४.९ टक्के विरुद्ध २.४ टक्के वजनघट. दुष्परिणाम मोजलेले, सोडून गेलेले किती ते लिहिलेलं. त्या औषधानं उतरणाऱ्या वजनात स्नायूचाही वाटा असतो, हेही मोजल्यामुळंच कळलं. आपल्या भागात पन्नाशीपुढचे, मुळात मांस कमी असलेले लोक ते घेऊ लागले आहेत, आणि त्यांना डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीबरोबर प्रथिनांचा आणि ताकदीच्या व्यायामाचा कागद द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. भारतीय शरीराची ठेवणच तशी आहे. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडं वजनापेक्षा कंबर मोजावी, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. आणि कंबरेबरोबर पोटरी.

पोटरीला काही लागत नाही. पाय जमिनीवर टेकवून बसायचं, गुडघा काटकोनात, आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व तर्जनींनी कडं करून पोटरीच्या सर्वांत जाड भागाला वेढायचं. बोटं एकमेकांना टेकत नसतील तर ठीक. टेकून आत फट राहत असेल तर मांस उतरलंय असं धरून पुढची तपासणी करावी. शिंप्याच्या टेपनं मोजलं तर आशियाई तज्ज्ञगटाची २०१९ ची रेघ अशी: पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरच्या खाली, बाईची ३३ च्या खाली, की संशय घ्यायचा. पायाला सूज असेल तर हे माप खोटं पडतं. आधी बोटानं दाबून खड्डा राहतो का ते पाहावं.

मग खुर्ची. हात नसलेली, ४३ सेंटिमीटरच्या आसपास उंच, लाकडी. प्लास्टिकची नको, ती मागं सरकते आणि फरशीवर माणूस आपटतो. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवायची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी. बरेच जण अर्धंच उठतात आणि मोजतात, ते धरायचं नाही. चालण्यासाठी अंगणात सहा मीटरची दोरी टाकावी. नेहमीच्या चालीनं सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, की तेही लिहून ठेवावं. पकड मोजायचं यंत्र दवाखान्यात असतं. पुरुषाची २८ किलोच्या खाली आणि बाईची १८ च्या खाली गेली तर कमी समजतात. घरात त्याची खूण ओला पंचा पिळताना दिसते. दोरीवर टाकलेल्या पंच्यातून पाणी ठिबकत राहिलं की समजावं.

ताकद कमी निघाली तर तालमीतल्या बैठका सांगू नयेत. झिजलेल्या गुडघ्याला पूर्ण बैठक सोसत नाही, दोन दिवसांत माणूस कंटाळून सोडतो. त्याच खुर्चीवर घोंगडीची जाड घडी ठेवून उंची वाढवावी आणि आठ वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा आठ वेळा, दिवसाआड. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. शेवटच्या दोन खेपा जड वाटल्या पाहिजेत. सगळ्या सहज झाल्या तर स्नायूला निरोपच पोचला नाही. दोन-तीन आठवड्यांनी घोंगडीची एक घडी काढायची. घोंगडी संपली की छातीशी दोन किलो जोंधळ्याची पिशवी धरायची, मग तीन किलोची. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, दोन वेळा दहा. छातीत दुखलं, घेरी आली तर तिथंच थांबून डॉक्टर.

आणि खाणं. इथं ल्युसिन परत येतं. १९६० मध्ये ज्याच्यावर पेलाग्राचा आरोप झाला, तेच अमिनो आम्ल स्नायूला 'बांधकाम सुरू कर' असं सांगतं. म्हाताऱ्या स्नायूचा कान जरा जड होतो, म्हणून एका जेवणात त्याला अडीच-तीन ग्रॅम ल्युसिन लागतं. दिवसाचं प्रथिन तरुणाला किलोमागं ०.८३ ग्रॅम सांगतात, साठीपुढं १ ते १.२ ग्रॅम बरं. ५५ किलोच्या बाईला म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. साठ ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्यांत १८, तूर किंवा हुलग्याची ६० ग्रॅम डाळ दोन जेवणांत मिळून १३, चारशे मिलिलिटर दूध १३, शेंगदाण्याची चटणी ३० ग्रॅम दाण्यांची ७, वाटीभर दही ३. चोपन्न झाले. चिकोडी-रायबागच्या जैन घरांत अंडं चालत नाही, तिथं ५० ग्रॅम पनीरनं नऊ वाढतात. जोंधळ्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं, ते डाळ भरून काढते. शेंगदाण्यात नायसिन जोंधळ्याच्या पाचपट. भाकरीवर शेंगाचटणी घालणाऱ्यांनी पेलाग्राचं औषध जीवशास्त्र न शिकता ताटात वाढलं होतं.

मोडतं ते बहुतेक सकाळी. चहा-खारी किंवा पोह्यांवर दुपारपर्यंत काढलं, तर दिवसाचं सगळं प्रथिन एका जेवणावर येऊन पडतं आणि स्नायू दोन वेळा उपाशी राहतो. सकाळी एक भाकरी, वाटीभर दही आणि चटणी एवढ्यानं फरक पडतो. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी मात्र प्रथिन डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. शाकाहारी घरांतल्या म्हाताऱ्यांचं ब-१२ एकदा तपासून घ्यावं. सॅमचं चक्र त्याच्यावर फिरतं, आणि मेथिल वाचवायच्या गोष्टी करताना ब-१२ रिकामं असणं म्हणजे विहीर कोरडी ठेवून मोट दुरुस्त करणं.

कधीकाळी या जातीच्या रेणूची माणसावरची चाचणी आपल्या भागात आली, तर सहभागी होणाऱ्यानं तीन गोष्टी पाहाव्यात. चाचणीचा भारतीय नोंदणी क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर निघतो का. नैतिकता समितीचं नाव आणि फोन संमतीपत्रावर आहे का. आणि ते संमतीपत्र समजणाऱ्या भाषेत आहे का. २०१९ चे औषधचाचणी नियम सहभागीला कळेल अशा भाषेचा आग्रह धरतात. कन्नड येतं पण वाचता येत नाही, इंग्रजी मुळीच नाही, अशा आजीला मराठी संमतीपत्र मागायचा हक्क आहे आणि ते हातात येईपर्यंत अंगठा न उठवायचाही. चाचणीतल्या गोळीचे पैसे घेत असतील, तर तिथून उठून यावं.

तोपर्यंत दाराच्या चौकटीवर, जिथं नातवंडांची उंची पेन्सिलीनं मांडलेली असते, तिथं आजीच्या खुर्चीचे सेकंदही मांडता येतात. तारीख, पाच उठबशांचे सेकंद, पोटरीचे सेंटिमीटर. मोजणी दर वेळी त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला, जेवणानंतर दोन तासांनी. बारा आठवड्यांनी आकडा १५ वरून १२ च्या आत आला, तर घोंगडीची घडी पुन्हा लागत नाही.